३२ टक्के वाढ, आणि महिन्याला १,६८० रुपये कमी: नाशिक ते चाकण नोकरी बदलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस आमच्या शेजारच्या मुलीची आहे. तिला विचारूनच लिहितोय. तिचं आणि दोन्ही कंपन्यांचं नाव देत नाही. मी बरीच वर्षं पेरोलमध्ये (कंपनीच्या पगाराच्या हिशोबात) काढलीत, म्हणून ती कागद घेऊन माझ्याकडे आली होती, आणि त्या चारपाच दिवसात मी तिला एक सल्ला ठामपणे दिला जो नंतर मलाच मागे घ्यावा लागला, तो पण खाली येईल.

मुलगी मेकॅनिकल इंजिनियर, नाशिकला अंबड एमआयडीसीत एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. १ फेब्रुवारी २०२० ला लागली, म्हणजे लॉकडाउनच्या पावणेदोन महिने आधी. राहायला सिडकोत आईवडिलांच्या घरी, वडील प्रेसमधून, म्हणजे छापखान्यातून, रिटायर झालेले. कंपनीची बस दारापर्यंत, कॅन्टीन जवळजवळ फुकट. पगार महिना ४८,००० ग्रॉस (काही कापायच्या आधीचा), त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, २६,०००. पीएफ पूर्ण बेसिकवर कापायचे, म्हणजे तिचे ३,१२० आणि कंपनीचे ३,१२०. प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात ४४,६८०. सीटीसी, म्हणजे कंपनीला वर्षाला तिच्यावर पडणारा एकूण खर्च, सगळं धरून ६ लाख ३६ हजार.

मे २०२४ मध्ये चाकणच्या एका कंपनीसाठी कन्सल्टन्टचा (कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्याचा) फोन आला. नेहमीचाच प्रश्न, करंट पगार किती, एक्स्पेक्टेड किती. ही तेव्हा प्रॉडक्शन लाइनवर उभी, मागे प्रेस मशीनचा आवाज, आणि पटकन म्हणून गेली की तीस टक्के हाइक मिळाली तर विचार करेन. या एका वाक्याची किंमत पुढे कळते.

दोन इंटरव्ह्यू झाले, एक व्हिडिओवर आणि एक प्लांटवर. २१ जून २०२४, शुक्रवार, वटपौर्णिमा होती, आई वडाला जाऊन आली आणि इकडे मेलवर ऑफर आली. सीटीसी ८ लाख ४० हजार. म्हणजे ३२ टक्के! घरात पेढे. खाली एक ओळ होती की सोमवारपर्यंत ॲक्सेप्ट करा नाहीतर ऑफर रद्द समजली जाईल, आणि जॉइनिंग ऑगस्टच्या मध्यापर्यंत हवं.

अडचण कुठे होती

पेढे खाल्ल्यावर वडिलांनी एकच विचारलं, हातात किती येणार. तिला सांगता येईना, कारण ऑफरच्या मेलमध्ये एकच आकडा होता. शनिवारी सकाळी तिने फोन करून ब्रेकअप (पगाराची फोड) मागवला आणि तो घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आली. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे आम्ही मांडायला बसलो.

८,४०,००० मधले ८४,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेर कामगिरीवर कमीजास्त मिळणारे. राहिले ७,५६,०००. त्यातून कंपनीचा पीएफ वर्षाला २१,६००, ग्रॅच्युइटीची (बरीच वर्षं काम केल्यावर सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद १४,४००, मेडिक्लेमचा हप्ता १८,०००, आणि बस-कॅन्टीनचे ३०,०००. हो, बस आणि कॅन्टीन पण सीटीसीत धरलेलं. हे सगळं वजा केलं की वर्षाचे ६,७२,०००, म्हणजे महिना ग्रॉस ५६,०००. त्यातून तिचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात ५४,०००.

जुन्या पगारापेक्षा ९,३२० जास्त. आता नाशिकला घरी राहायची, इथे चाकणजवळ मोशीला तिघींत फ्लॅट बघितला होता त्याचं भाडं तिच्या वाट्याला ७,५०० आणि डबा ३,५००, झाले ११,०००. म्हणजे ३२ टक्के वाढ घेऊन पोरगी महिन्याला १,६८० रुपये मागे. शनिवार-रविवारचं एसटीचं भाडं अजून धरलेलंच नाही.

आणि पीएफ बघा. आधी दोघांचे मिळून ६,२४० जमा व्हायचे, आता ३,६००. कारण नवीन कंपनी पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के कापत होती, म्हणजे १,८००. कायद्याने तेवढं पुरतं, त्यात गैर काही नाही, पण बचत कमी झाली ती झालीच. वर बेसिक होतं २५,०००, जुन्यापेक्षा हजाराने कमी! सीटीसी दोन लाखांनी वाढला आणि बेसिक घसरलं, हे ब्रेकअप बघितल्याशिवाय कुणाला कळणार. (हे २०२४ चं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात वेतनाबाहेरचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर धरता येत नाहीत, त्यामुळे आत्ता ऑफर आली असेल तर हे गणित वेगळं पडेल.)

तिसरी अडचण मला दिसली, तिच्या डोक्यातच नव्हती. ग्रॅच्युइटी. पाच वर्षं भरायला तिला सात महिने बाकी होते.

ग्रॅच्युइटीचा गुंता

हा भाग जरा सावकाश वाचा कारण सगळी केस इथे फिरते.

तेव्हा ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा होता, नोकरी सोडताना सलग पाच वर्षं झालेली असली तर शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. तिचं बेसिक २६,००० म्हणजे हिशोब एकदम सोपा, वर्षाला १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. आता त्याच कायद्यात असं होतं की वर्षात २४० दिवस काम भरलं तर ते वर्ष सलग सेवेचं धरायचं (आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम असेल तिथे १९० दिवस), आणि यावरून मद्रास हायकोर्टाने पाचव्या वर्षात २४० दिवस भरलेल्याला ग्रॅच्युइटी द्यायला लावलेली आहे. पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत, काही जण सरळ सांगतात पाच म्हणजे पाच.

तिचा नोटीस पिरियड ९० दिवस. २ जुलैला राजीनामा दिला तर ९० दिवस भरतात ३० सप्टेंबरला. १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर मोजा. २४३ दिवस! मी दोनदा मोजले, मग तिने मोबाइलवर मोजले. म्हणजे पूर्ण नोटीस भरली तर ४ वर्षं २४३ दिवस, तीन दिवसांनी का होईना रेषेच्या पलीकडे. आणि नवीन कंपनीला ती ऑगस्टमध्ये हवी, नोटीस बायआउट करून (न भरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला देऊन), म्हणजे १६ ऑगस्टला सुटली तर १९८ दिवस. मग विषयच संपला.

तिने तिच्या पेरोलवाल्याला चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, मॅडम, असं अर्धवट काही मिळत नाही. तोंडी.

पर्याय काय होते

एक, ऑफर आहे तशी घ्यायची. दोन, नाही म्हणायचं. दोन्हीवर फार वेळ घालवला नाही, कारण नाशिकला तिची वाढ दरवर्षी सहा-सात टक्क्यांवर अडकली होती आणि चाकणचं काम मोठं होतं, नवीन मॉडेलचं.

तीन, नोटीस पूर्ण भरायची, १ ऑक्टोबरला जॉइन व्हायचं आणि ७५,००० साठी जुन्या कंपनीशी भांडायची तयारी ठेवायची. माझा सल्ला हाच होता आणि मी तो ठासून दिला, की कायदा तुझ्या बाजूने आहे, घाई त्यांना आहे तुला नाही.

चार, ऑगस्टला जायचं पण बुडणारी ग्रॅच्युइटी नवीन कंपनीकडून जॉइनिंग बोनस म्हणून वसूल करायची, आणि बायआउट पण त्यांनीच भरायचा.

तिसऱ्या आणि चौथ्यात काय निवडायचं ते एका कागदाने ठरवलं, आणि तो मागायची अक्कल तिची, माझी नाही. तिने व्हेरिएबलची पॉलिसी मागवली. त्यात होतं की १ ऑक्टोबर किंवा त्यानंतर जॉइन झालेल्यांना त्या आर्थिक वर्षाचं व्हेरिएबल नाही, त्याआधी जॉइन झालेल्यांना दिवसांच्या प्रमाणात. म्हणजे माझं ऐकून १ ऑक्टोबरला गेली असती तर पूर्ण टक्क्याने ५० हजारांच्या आसपासचं व्हेरिएबल हातचं गेलं असतं, तेही अशा ग्रॅच्युइटीसाठी जी मिळेलच याची खात्री नाही. मी गप्प बसलो. म्हटलं चौथा पर्याय धर.

काय केलं

सोमवारी तिने एचआर मॅडमना फोन केला. मॅडमचं पहिलंच वाक्य: "तुम्ही तीस टक्के मागितले होते, आम्ही बत्तीस दिलेत, अजून काय?" बरोबरच होतं त्यांचं. मेमध्ये लाइनवर उभं राहून बोललेलं वाक्य कन्सल्टन्टने फॉर्ममध्ये भरलं होतं. तीस टक्के कशाच्या, सीटीसीच्या की हातात येणाऱ्याच्या, हे तेव्हा कुणीच बोललं नव्हतं, आणि ज्याचं बोलणं झालं नाही ते कंपनी स्वतःच्या सोयीने धरते.

ती भांडली नाही. म्हणाली, मॅडम मला यायचंच आहे, ब्रेकअप बघून चार मुद्दे आहेत ते मेल करते, मुदत शुक्रवारपर्यंत वाढवाल का. वाढवली. (अशा मुदती बऱ्याचदा वाढतात. पण आधी हो म्हणा मग विचारा, "मला विचार करायचाय" असं मोघम म्हणलं की समोरचा दुसरा कॅन्डिडेट काढतो.)

मेलचा पहिला मसुदा तिने लिहिला त्यात घरभाडं, डबा, आईची शुगर सगळं होतं. मी तो पूर्ण खोडायला लावला. भाडं हा तुझा प्रश्न, त्यांचा नाही, त्यांना त्यांच्या वरच्या साहेबापुढे ठेवता येईल असं कारण दे. शेवटी गेला तो मेल साधारण असा:

"ऑफरबद्दल आभार, मला ही भूमिका मनापासून हवी आहे. ब्रेकअप पाहिल्यावर चार गोष्टींवर विचार व्हावा ही विनंती. १) फिक्स्ड महिना ४,००० ने वाढावं, सध्या मी पीपॅप (नवीन पार्टच्या मंजुरीची प्रक्रिया) आणि आयएटीएफचे (वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक) अंतर्गत ऑडिट स्वतंत्रपणे बघते, जे इथल्या नवीन मॉडेलला पहिल्या दिवसापासून लागणार आहे. २) पीएफ पूर्ण बेसिकवर व्हावा, सध्या तसाच आहे. ३) ऑगस्टला रुजू झाल्याने माझी ७५,००० ग्रॅच्युइटी बुडते, तेवढा जॉइनिंग बोनस मिळावा. ४) ४५ दिवसांची नोटीस रिकव्हरी कंपनीने द्यावी. नाहीतर मी पूर्ण नोटीस भरून १ ऑक्टोबरला रुजू होऊ शकते."

शेवटचं वाक्य ठेवू का नको यावर आमचा पाऊण तास गेला. तिला धमकी वाटत होती. पण ती धमकी नव्हती, खरंच तसं करता आलं असतं, नुकसान सोसून का होईना. ठेवलं.

एचआर मॅडमचा फोन बुधवारी. फिक्स्डला ४,००० नाही, ग्रेडचा बँड (पगाराची ठरलेली हद्द) आहे, आत आधीपासून असलेल्यांपेक्षा जास्त देता येत नाही, ३,००० करतो. बायआउट देतो, पावती आणा. जॉइनिंग बोनस ६०,०००, पण २४ महिन्यांच्या आत सोडलं तर परत. पीएफ पूर्ण बेसिकवर करतो, "पण सीटीसीच्या आतून". म्हणजे कंपनीचे १,८०० चे ३,००० होणार आणि वरचे १,२०० तिच्याच स्पेशल अलाउन्समधून कापणार. एका खिशातून दुसऱ्या खिशात. बस-कॅन्टीनचे तीस हजार काढा म्हटलं तर ते सगळ्यांनाच आहे म्हणून बंद.

इथे तिने दोन निर्णय घेतले. बोनसच्या ६०,००० वर अडून न बसता अट खाली आणली: २४ ऐवजी १२ महिने. जेवढे महिने राहिले तेवढ्याच प्रमाणात परत, असंही मागितलं, ते नाही मिळालं. आणि पीएफ सीटीसीच्या आतून तर आतून, पण पूर्ण बेसिकवरच घेतला. वडील नाराज, हातातले पैसे कमी कशाला करतेस. तिचं म्हणणं हातात आले की खर्च होतात, २०२३-२४ ला पीएफचं व्याज ८.२५ टक्के होतं, तेवढं बँकेत कुठे मिळतं. मला विचाराल तर कंपनीला पदरचं काही द्यावं लागत नसेल तर ती मागणीच नाही, तेवढेच पैसे व्हीपीएफ (स्वतःहून जास्तीचा पीएफ) सांगून स्वतः घालता येतात, कमीजास्त पण करता येतात. त्या मागणीऐवजी दुसरं काहीतरी घेता आलं असतं. पण ठीक आहे.

मेडिक्लेमचा मुद्दा मेलमध्ये नव्हता, तो तिने फोनवर शेवटी विचारला: आईवडील आहेत का आणि आधीच्या आजाराला थांबावं लागतं का. आहेत, आणि थांबावं लागत नाही. जुन्या कंपनीत तिचा एकटीचाच विमा होता. १८,००० कापतात म्हणून शनिवारी आम्ही शिव्या घातलेल्या, त्या मागे घेतल्या.

२७ जूनला सुधारित ऑफर लेटर आलं. तिने प्रत्येक ओळ तपासली, बायआउट लेटरमध्ये नव्हता, फक्त फोनवर होता. परत मेल, परत लेटर. २ जुलैला राजीनामा. जुन्या प्लांट हेडने बोलावून ७ लाख २० हजार करतो म्हटलं आणि ऑक्टोबरात प्रमोशन "बघू". साडेचार वर्षं जे बघितलं नाही ते आता काय बघणार, ती थांबली नाही.

पुढे काय झालं

१६ ऑगस्टला सुटली, १९ ऑगस्टला जॉइन, राखीपौर्णिमा होती, भाऊ नाशिकहून मोशीला आला. जुन्या कंपनीने ४५ दिवसांचे बेसिकवर ३९,००० कापले (तिच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बेसिक लिहिलं होतं, कित्येक ठिकाणी ग्रॉसवर कापतात, आपलं लेटर काढून बघा), नवीन कंपनीने ते सप्टेंबरच्या पगारात दिले. बोनस आणि बायआउट दोन्ही पगारातच धरले जातात, टॅक्स लागतो. तिचं त्या वर्षाचं सगळं मिळून ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट) गेल्यावर ६ लाख ७१ हजारांच्या आसपास बसलं, नवीन टॅक्स रेजीममध्ये तेव्हा सात लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समाफी) होती म्हणून सुटली. फॉर्म १२बी भरून जुन्या कंपनीचा पगार नवीन ठिकाणी कळवला होता, नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळा हिशोब झाला असता.

महिन्याला हातात ५४,६००, पीएफ दोघांचे मिळून ६,०००. भाडं-डबा गेल्यावर नाशिकपेक्षा हातात अजूनही हजारभर कमीच! व्हेरिएबल मे २०२५ मध्ये ७० टक्क्यांनी आलं, दिवसांच्या प्रमाणात ३६,००० च्या वर थोडं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं, ४७,००० चं बिल विम्यातून गेलं. पैशाच्या बाजूने बघितलं तर पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा फायदा त्या फोनवर शेवटी विचारलेल्या प्रश्नाचा.

वेगळं काय करता आलं असतं

कन्सल्टन्टला आकडा सांगायचाच नव्हता, किंवा सांगायचा तर "हातात अमुक, व्हेरिएबल सोडून" असा. करंट लपवायचा नव्हता, पुढे तीन महिन्यांच्या स्लिप आणि फॉर्म १६ मागतातच, पण एक्स्पेक्टेडला "ब्रेकअप आणि काम समजल्यावर सांगते" एवढं पुरलं असतं.

जॉइन झाल्यावर तिला कळलं की ती खुर्ची चार महिने रिकामी होती आणि सप्टेंबरात कस्टमरचं ऑडिट होतं, मॅनेजर रोज एचआरच्या मागे लागलेला. हे इंटरव्ह्यूतच विचारता आलं असतं, ही जागा कधीपासून रिकामी आहे आणि पहिल्या तीन महिन्यात माझ्याकडून काय हवंय. साधा प्रश्न आहे, कुणी वाईट मानत नाही, आणि उत्तरावरून घाई किती आहे ते कळतं. ते माहीत असतं तर ६०,००० वर आम्ही एवढ्या पटकन गप्प बसलो नसतो. बँड अडवतो तो महिन्याच्या पगाराला, एकदाच द्यायच्या रकमेला बहुतेक वेळा मॅनेजरचा जोर चालतो.

आणि १ ऑक्टोबरची व्हेरिएबलची अट. ती बघून आम्ही तिसरा पर्याय सोडला, पण त्या अटीतून एक वेळची सूट मागता येते का हे विचारलंच नाही. मला ते नंतर आठ दिवसांनी सुचलं.

राहिली ग्रॅच्युइटी. पेरोलवाल्याचं तोंडी उत्तर आम्ही धरून चाललो. लेखी विचारलं असतं तर आपण सोडतोय हे राजीनाम्याआधीच फुटलं असतं, त्यामुळे तेव्हा विचारणं सोपं नव्हतं हेही खरं. पण राजीनाम्यानंतर, रिलीव्हिंगची तारीख पक्की करायच्या आधी एक मेल टाकता आला असता, आणि उत्तर हातात असतं तर नवीन कंपनीशी तारखेबद्दल परत बोलता आलं असतं.

यंदा तिच्या जुन्या लाइनवरचा एक जण सुटला, ४ वर्षं ९ महिने भरून. त्याला फुल अँड फायनलमध्ये (सुटतानाच्या शेवटच्या हिशोबात) पाच वर्षांची ग्रॅच्युइटी आली, न मागता, न भांडता, त्याच कंपनीकडून, त्याच पेरोलवाल्याच्या सहीने. तिने मला रात्री साडेदहाला फोन केला, म्हणाली काका ऐकताय का. मी ऐकत होतो.